फोन उघडता आला पाहिजे

बॅटरी थकली म्हणून अख्खा फोन बदलायचा, ही पद्धत मला पटत नाही. म्हणूनच मी फेअरफोन 5 वापरतो. त्याची बॅटरी नुसत्या हाताने काढता येते, तर स्क्रीन आणि चार्जिंग पोर्ट साध्या स्क्रूड्रायव्हरने बदलता येतात. त्याच किमतीत याहून वेगवान फोन आणि सरस कॅमेरा मिळतो, हे मला ठाऊक आहे. तरीही ही निवड मला योग्य वाटते.

कारण फोन खाणीपासून सुरू होतो. फोनच्या बॅटरीत कोबाल्ट हा धातू लागतो; जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट एकट्या काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकातून येते आणि त्यातील काही भाग माणसे कोणत्याही संरक्षणाशिवाय हाताने खणून काढतात. संघर्षग्रस्त भागांतील खनिजांविषयीच्या मोहिमेतून 2013 साली ॲमस्टरडॅममध्ये उभ्या राहिलेल्या फेअरफोन या कंपनीने काँगोवर बहिष्कार घालण्याऐवजी तिथेच राहून परिस्थिती सुधारण्याचा मार्ग धरला. मला हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो, कारण बहिष्काराने ग्राहकाला समाधान मिळते, पण खाणकामगाराची रोजी जाते. पूर्णपणे न्याय्य फोन अजून शक्य नाही, हे कंपनी स्वतःही मान्य करते.

फोनमुळे होणाऱ्या एकूण कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो आपल्या हाती येण्यापूर्वीच, निर्मितीच्या टप्प्यात खर्ची पडलेला असतो. त्यामुळे तो किती वर्षे चालतो, हाच माझ्या लेखी मुख्य प्रश्न आहे, आणि तिथे स्क्रूपेक्षा सॉफ्टवेअर निर्णायक ठरते: सुरक्षा अपडेट थांबले की धडधाकट फोनही विश्वासाने वापरता येत नाही. फेअरफोन 5 मध्ये औद्योगिक उपकरणांसाठीची, दीर्घकाळ पाठबळ मिळणारी क्वालकॉम या चिपनिर्मात्या कंपनीची चिप निवडली गेली आणि 2031 पर्यंत अपडेटचे आश्वासन देता आले. (2021 च्या मॉडेलपासून हेडफोन जॅक काढून टाकण्याचा निर्णय मात्र मला आजही खटकतो, चांगले चालणारे वायरचे हेडफोन निरुपयोगी करणे या विचारात बसत नाही.)

युरोपीय संघात 20 जून 2025 पासून लागू झालेल्या नियमांनुसार मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे सुटे भाग उपलब्ध ठेवावे लागतात. ही मोठी गोष्ट आहे. परंतु अस्सल सुटा भाग बसवूनही निर्मात्याचे सॉफ्टवेअर तो नाकारत असेल, तर भाग मिळूनही दुरुस्ती अडते. अशी अडवणूक रोखणारा कायदा अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने 2024 मध्ये केला; तो प्रत्येक देशाने करावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.