सातवा

दक्षिण आफ्रिकेत रॉर्क्स ड्रिफ्ट नावाचं ठिकाण आहे. ड्रिफ्ट म्हणजे नदीचा उतार, पायी ओलांडता येते ती जागा. २२ जानेवारी १८७९ ला तिथे दीडशेच्या आसपास माणसं इंग्रजांच्या बाजूने लढत होती आणि समोर तीन-चार हजार झुलू योद्धे होते. एका मिशनऱ्याच्या घराचं इस्पितळ केलेलं, वर गवताने शाकारलेलं छप्पर. ते छप्पर पेटलं तेव्हा आत आजारी माणसं अडकलेली होती.

त्यातल्या एका खोलीत सात रोगी होते. दारात संगीन रोखून दोन साधे शिपाई उभे राहिले, रॉबर्ट जोन्स आणि विल्यम जोन्स. आडनाव एकच, नातं काही नाही. त्यांनी सहा जणांना बाहेर काढलं. सातवा होता सार्जंट मॅक्सफील्ड, तापाने भ्रमात गेलेला. त्याला कपडे चढवले, पण तो जागचा हलेना. त्याला उचलून आणायला रॉबर्ट पुन्हा आत गेला, तर मॅक्सफील्डला अंथरुणातच भोसकत होते. ते त्याने डोळ्यांनी पाहिलं.

त्या लढाईसाठी ११ व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनची शौर्याची सर्वोच्च पदकं, दिले गेले. दोघाही जोन्सना मिळाले. सोबत वर्षाला १० पौंड.

इंग्रजांच्या शिपायासाठी आपण कशाला हळहळायचं, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. आक्रमण इंग्रजांनी केलं होतं, झुलू आपल्या मुलखासाठी लढत होते. त्याच वर्षी हेच साम्राज्य इकडे वासुदेव बळवंत फडक्यांच्या मागे हात धुऊन लागलं होतं. पण युद्ध पुकारलं ते मोठ्या साहेबांनी. त्या पेटलेल्या खोलीत होता तो रॉबर्ट, एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा.

पुढे तो इंग्लंडच्या हिअरफर्डशरमधल्या पीटरचर्च गावी एका मेजरच्या घरी कामाला लागला. लग्न झालं, पाच मुलं झाली. डोकं फार दुखायचं म्हणतात. ६ सप्टेंबर १८९८ ला कावळे मारायला म्हणून त्याने बंदूक मागून घेतली आणि बागेत गेला. बार झाला. वय ४१. चौकशीत निष्कर्ष निघाला, मन थाऱ्यावर नसताना केलेली आत्महत्या.

आत्महत्या केलेली, म्हणून त्याची शवपेटी चर्चच्या फाटकातून नेली नाही, भिंतीवरून आत घेतली, असं सांगतात. बाकीच्या थडग्यांचे दगड एकीकडे तोंड करून आहेत आणि त्याचा उलटा.

मला याचा मनापासून राग येतो. माणूस आत ज्या दुखण्याने झिजत होता त्याला तेव्हा नावही नव्हतं, हे मान्य. पण पाठ फिरवलेला दगड बसवायला कुणाचे तरी हात लागलेच ना? इंग्लंडमध्ये आत्महत्या गुन्ह्यांतून वगळायला १९६१ उजाडलं. आपण तरी कुठे पुढे होतो? ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला तो कमालीच्या ताणाखाली होता असं धरून चाला, हे आपल्या कायद्याने २०१७ साली सांगितलं. गावात अजून लोक म्हणतात, "भेकड होता, सुटला." हा शब्द ऐकला की मी भांडतो. यापुढेही भांडणार.

विल्यम जोन्सचंही काही बरं झालं नाही. त्याने पदक गहाण टाकलं. म्हातारपणी मँचेस्टरच्या रस्त्यांवर तो भटकताना सापडला. १९१३ साली मेला, गरिबांसाठीच्या जागेत पुरला. झुलू आले असं वाटून तो रात्री उठायचा आणि नातीला उचलून घराबाहेर पळायचा, असं त्याच्या घरचे सांगत.

हे वाचलं आणि मला आमचे आबा दिसले. माझे थोरले चुलते, एकाहत्तरच्या लढाईवरून आलेले. सुट्टीत आम्ही सगळी भावंडं गावी जमलो की माजघरात ओळीने झोपायचो. रात्री दोन-अडीचला बॅटरीचा उजेड पायांवरून सरकत जायचा. आबा आम्हाला मोजायचे. ओळ संपली की परत पहिल्यापासून. आम्हाला तो खेळ वाटायचा, आम्ही मुद्दाम पांघरुणात पाय ओढून घ्यायचो.

आबा गेल्यावर काकींनी सांगितलं, "तुम्ही पोरं नसलात तरी उठायचं. रिकामी अंथरुणं घालून ठेवायला लावायचं मला. मोजायचं आणि म्हणायचं, एक कमी हाय गं."

कोण कमी होता, हे त्यांनी काकींनाही कधी सांगितलं नाही.