प्लगातला न्यूट्रल म्हणजे एरियल नव्हे

गेल्या आठवड्यात खानापूरहून मामांचा फोन आला आणि इकडची तिकडची विचारपूस न करता त्यांनी थेट विचारले, ‘‘अरे, ती मागची काळी वायर प्लगाच्या भोकात घालून बघू काय?’’ होम थिएटरच्या रिसीव्हरमागून, म्हणजे स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या आणि आत रेडिओही असलेल्या पेटीमागून, निघणारी वायर भिंतीवरच्या चालू सॉकेटात खुपसण्याचा हा बेत त्यांना एका व्हॉट्सअॅप संदेशाने सुचवला होता. तो संदेश बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या घरगुती गटांतून फिरतो आहे. मलाही तो तीनदा आला होता आणि तिन्ही वेळा मी तो न वाचताच सोडून दिला होता. मामांनी आधी फोन केला म्हणून बरे. नाहीतर त्याचे उत्तर लिहिण्याची माझी मनःस्थिती आज राहिली नसती.

संदेशाचा मथळा असा आहे की होम थिएटरमधला रेडिओ कंपन्यांनी मुद्दाम बांधून ठेवलेला असतो आणि पाच युक्त्या केल्या की कोल्हापूर, धारवाड, गोवा सगळे खणखणीत लागते. पहिली युक्ती, मागच्या बाजूच्या ‘जीएनडी’ (ग्राउंड, म्हणजे जमीन) खुणेपाशी वायर जोडून तिचे दुसरे टोक प्लगाच्या न्यूट्रलमध्ये घालावे, म्हणजे घरातले सगळे वायरिंगच एरियल होते. दुसरी, एफएम ‘मोनो’वर, म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच आवाज, असे टाकावे, म्हणजे पल्ला दुप्पट होतो. तिसरी, डिशची केबल एफएमच्या सॉकेटला लावावी. चौथी, एकाच जोडणीवर स्पीकरच्या दोन जोड्या लावाव्यात, म्हणजे आवाज दुप्पट होतो. पाचवी, परदेशातून आणलेल्या रिसीव्हरचा ट्यूनर (स्टेशन पकडणारा भाग) ‘लॉक’ असतो, तो मेकॅनिककडून चिप बसवून उघडून घ्यावा.

पहिल्या युक्तीला युक्ती म्हणणेच मला मान्य नाही. जीएनडी ही खूण रिसीव्हरच्या मागे एएम एरियलच्या जोडणीशेजारी असते आणि आतून ती रिसीव्हरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेली असते. खरखर फार असेल तर तिथून वायर काढून ओलसर मातीत रोवलेल्या धातूच्या सळईला जोडावी, असे काही कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांत सांगितलेले आहे. म्हणजे जीएनडीचा जमिनीशी संबंध आहे, एवढे अर्धसत्य संदेश लिहिणाऱ्याच्या कानावर कुठून तरी आले असावे. परंतु जमीन आणि न्यूट्रल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यूट्रल ही वीज परत नेणारी चालू वायर आहे; तिच्यातून घरातल्या सगळ्या दिव्यांचा, पंख्यांचा आणि मिक्सरचा प्रवाह वाहत असतो, आणि खांबापासून घरापर्यंत ती कुठे तुटली तर घरातले न्यूट्रलचे टोक फेजइतकेच जिवंत होते.

शिवाय प्लगातले न्यूट्रलचे भोक कोणते, हे कोण ठरवणार? सॉकेटकडे तोंड करून उभे राहिल्यावर फेज उजवीकडे असावा असा नियम आहे, पण जुन्या घरांत तो उलटा निघण्याचे प्रमाण किती आहे, हे ज्याने हातात टेस्टर घेऊन दोन-चार घरे फिरून पाहिली आहेत त्याला सांगायला नको. तसे एक भोक मामांच्या हाती लागले असते, तर २३० व्होल्ट रिसीव्हरच्या सांगाड्यावर आले असते, आणि सांगाड्यावर आले म्हणजे आवाजाच्या धातूच्या बटनावर, एचडीएमआय केबलच्या कवचावरून टीव्हीवर, सेट-टॉप बॉक्सवर आणि तिथून डिशच्या केबलने थेट गच्चीवर पोहोचले असते. खानापूरच्या पावसाळ्यात गच्चीवर ओले पाय ठेवून डिश पुसायला कोण जाते, तर मामीच जातात. घरात गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर असता तर निदान तो पडला असता; मामांच्या घरी तो नाही.

मामांची यावर एक शंका होती आणि ती बरोबर वाटण्यासारखी असल्यामुळे इथे घेतो. त्यांचा रिसीव्हर अमेरिकेहून परतलेल्या नातेवाइकाने दिलेला, १२० व्होल्टचा आहे आणि तो स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतो. ‘मध्ये ट्रान्सफॉर्मर असेल तर भीती नाही’ असे संदेशात कंसात लिहिलेले आहे. ते साफ खोटे आहे. एक तर ही वायर ट्रान्सफॉर्मरला वळसा घालून सरळ भिंतीत जाते, तेव्हा मध्ये ट्रान्सफॉर्मर असला काय आणि नसला काय. दुसरे म्हणजे, बाजारात या कामासाठी मिळणारे पुष्कळसे ट्रान्सफॉर्मर एकाच वेटोळ्याला मधून फाटा काढलेले असतात. ते व्होल्ट कमी करतात, पण मुख्य लाइनपासून यंत्र वेगळे करत नाहीत.

‘निपाणीत एकाने करून पाहिले, कोल्हापूर एकदम स्वच्छ लागले’ हा संदेशातला एकुलता एक पुरावा आहे. निपाणीपासून कोल्हापूर सरळ रेषेत ४० किलोमीटरच्या आत आहे. तिथे आकाशवाणी कोल्हापूरचे १०२.७ पकडायला यंत्राबरोबर मिळालेली साधी वायरही बहुधा पुरते. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या टप्प्यात, म्हणजे क्षितिजाच्या थोड्या पलीकडेपर्यंतच जातात. प्रक्षेपकाचा मनोरा भोवतालच्या जमिनीपेक्षा १०० मीटर उंच आणि आपला एरियल १० मीटर उंच धरला, तर सपाट मुलखात हा टप्पा सुमारे ५४ किलोमीटरचा निघतो. खानापूरहून कोल्हापूर सरळ रेषेत १०० किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि गोवा सह्याद्रीच्या पलीकडे आहे. भिंतीतल्या वायरने मध्ये उभा असलेला डोंगर हलत नाही.

मोनोची युक्ती मात्र नाइलाजाने का होईना, मान्य करावी लागते. दुरून येणारे अशक्त स्टेशन स्टिरिओमध्ये ऐकले की सूं-सूं आवाज पुष्कळ वाढतो, आणि मोनोवर टाकताच तो खाली बसतो. हा फरक २० डेसिबलच्या आसपास असतो. त्याने पल्ला दुप्पट होत नाही, पण जे आधीच कुजबुजत येत होते ते ऐकण्याजोगे होते. बऱ्याच रिसीव्हरांत ट्यूनिंग ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर नेले की मोनो आपोआप लागू होते. पाचांतली ही एकच गोष्ट कामाची निघाली.

डिश आणि स्पीकर यांच्यावर फार वेळ घालवण्यासारखे काही नाही. डिशची केबल आणि एफएमचे सॉकेट दोन्ही ७५ ओहमचीच असतात हे खरे, पण डिशकडून येणाऱ्या केबलमध्ये ९५० मेगाहर्ट्झच्या वरचे संकेत असतात आणि एफएम १०८ ला संपते. त्यात सेट-टॉप बॉक्स त्याच केबलमधून डिशला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवत असतो, ते स्वस्तातल्या स्प्लिटरमधून ट्यूनरमध्ये शिरले तर बिचाऱ्या ट्यूनरचे काय व्हायचे? त्यापेक्षा ७५ सेंटिमीटरच्या दोन वायरी एका रेषेत आडव्या ताणून मधून केबल काढावी, तोच एफएमचा सर्वांत स्वस्त आणि चांगला एरियल होय. स्पीकरचे म्हणाल, तर ८ ओहमचे दोन एकाच जोडणीवर समांतर लावले की रिसीव्हरला ४ ओहमचा भार दिसतो. मागे ‘६ ते १६ ओहम’ असे छापलेले असताना हे करणे म्हणजे यंत्र तापवून बंद पाडणे आहे, आणि एवढे करूनही आवाज कानाला दुप्पट वाटत नाहीच.

आता लॉकची गोष्ट. मामांची मूळ तक्रार कोल्हापूरची नव्हतीच, धारवाड आकाशवाणीची होती. सरळ रेषेत ५०-६० किलोमीटरवरचे धारवाड त्यांच्या जुन्या ट्रान्झिस्टरवर स्वच्छ लागते आणि या एवढ्या मोठ्या यंत्रावर बोबडे, फाटल्यासारखे येते, यामुळेच त्यांचा त्या संदेशावर विश्वास बसला. याचे खरे कारण १९७५ साली जिनिव्हात झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. त्या करारानुसार युरोप, आफ्रिका आणि आशियातली मध्यम लहरींची, म्हणजे एएमची, केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या अंतराने मांडली गेली आणि ही मांडणी १९७८ च्या नोव्हेंबरात अमलात आली. अमेरिका त्या करारात नव्हती. तिच्याकडे १० किलोहर्ट्झचे अंतर आहे. धारवाड एएमवर ७६५ किलोहर्ट्झला आहे, म्हणजे ९ गुणिले ८५. अमेरिकेचा रिसीव्हर १० च्याच पायऱ्यांनी चालतो; तो ७६० वरून उडी मारतो ती थेट ७७० वर, आणि धारवाड त्याच्या दोन पायऱ्यांच्या बरोबर मधोमध सापडते. यापेक्षा वाईट जागा असूच शकत नाही. सांगलीचे १२५१ मात्र १२५० वर जवळजवळ पुरते सापडते, म्हणून ‘काही स्टेशने लागतात, काही नाहीत’ असा भास होतो आणि कंपनीने मुद्दाम अडवले अशी समजूत होते. एफएमवरही हेच आहे. अमेरिकेतली एफएम केंद्रे दशांशात विषम अंकावर असतात, त्यामुळे कोल्हापूरची ९४.३, ९८.३, १०२.७ ही तिन्ही विनासायास जुळतात आणि पणजीचे १०५.४ मधल्या मध्ये निसटते.

यात कुलूप नाही, कट नाही आणि चिप तर मुळीच नाही. कित्येक रिसीव्हरांत ही पायरी बदलण्याची सोय कंपनीनेच दिलेली असते. कुठे ती मेनूत असते, कुठे ठरावीक बटन दाबून धरून यंत्र चालू करावे लागते, आणि ती बदलली की आधी साठवलेली स्टेशने पुसली जातात. चिपच्या नावाखाली पैसे घेणारा मेकॅनिक बहुधा हेच बटन दाबून देत असणार.

रविवारी खानापूरला गेलो. पुस्तिकेत पान सापडायला अर्धा तास लागला, बटन दाबून धरायला पाच सेकंद. यंत्राबरोबर आलेली एएमची चौकोनी वेटोळी कपाटामागे पडली होती. ती खिडकीत टांगून तिची कड पूर्वेला, धारवाडकडे केली, कारण असा लूप कडेच्या दिशेने सर्वांत चांगला ऐकतो. ७६५ आता स्वच्छ लागते. थोडी घरघर राहिली होती, ती सेट-टॉप बॉक्सच्या अडॅप्टरची निघाली. मामा आता रेडिओ लावण्याआधी तो उपसून ठेवतात, आणि त्यामुळे मामींची मालिका बुडते यावरून घरात वेगळाच वाद सुरू आहे.