टू पॉइंट वन आणि मानलेले वडील

गेल्या शनिवारी कर्वे रोडवरच्या एका शोरूममध्ये मला वडील लागू झाले. जीएसटी लागू होतो तसे. मी मागितले नव्हते, पण बिलावर आले.

मी गेले होते टीव्ही घ्यायला. व्हिडिओ गेमसाठी, ५५ इंची, स्वतःकरता. तिन्ही गोष्टी मी दारातच निळ्या टी-शर्टातल्या मुलाला सांगितल्या. त्याने त्यातल्या दोन ऐकल्या.

“मुलगा कितवीत आहे, मॅडम?”

“मुलगा नाहीये. मी खेळते.”

त्याने मान हलवली. रिपोर्ट चांगला नसला की डॉक्टर हलवतात तशी. आणि मला थेट अशा टीव्हीपाशी नेऊन उभं केलं, ज्यावर एक पोपट पंख पसरत होता. शोरूममध्ये कायम पोपट असतो, नाहीतर कापलेलं कलिंगड. यांच्यावर कुठलाही टीव्ही चांगला दिसतो, कारण खरा पोपट किती हिरवा असतो हे कुणी ताडून बघत नाही. त्यात दुकानातले टीव्ही ‘व्हिव्हिड’ नाहीतर ‘डेमो’ मोडवर असतात. उजेड कमाल, रंग निळसर, कडा कोरून काढल्यासारख्या. गेमचा टीव्ही घेणाऱ्याने पहिली गोष्ट करायची ती म्हणजे रिमोट मागून घेऊन ‘गेम मोड’ लावायचा.

रिमोट काकांच्या हातात होता.

काका डेमोच्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. शेजारी कापडी पिशवी, तिच्यातून कोथिंबिरीची जुडी मान काढून बघत होती. एसीचा झोत बरोबर टकलावर. सर्वात महागड्या ओएलईडीवर ते मराठी बातम्या बघत होते, खाली लाल पट्टी अखंड पळत होती. (ओएलईडीवर एकाच जागी तासन्‌तास स्थिर चित्र राहिलं तर त्याचा वण कायमचा राहू शकतो. गेममधला कोपऱ्यातला नकाशा, आरोग्याची पट्टी आणि वृत्तवाहिनीचा लोगो हे तिघे यातले जुने गुन्हेगार. तेव्हा दुकानातला डेमो पीस स्वस्तात देत असतील तर तो काकांनी वापरलेला नाही ना, एवढं विचारा.)

“काका, जरा रिमोट देता का?”

“थांबा हो ताई, हेडलाइन्स होऊ देत.”

मी थांबले. तोवर मुलाला विचारलं, “याला एचडीएमआय टू पॉइंट वन आहे का?” (एचडीएमआय म्हणजे गेमचं यंत्र, अर्थात कन्सोल, टीव्हीला जोडायची सोय.)

तो मोबाईलचा टॉर्च लावून टीव्हीच्या मागे गेला आणि विजयी मुद्रेने परतला. “आहे ना! एचडीएमआय वन, टू, थ्री, फोर. तुम्हाला टू पाहिजे ना? मोकळाच आहे.”

“पोर्टचा नंबर नाही रे. व्हर्जन. टू पॉइंट वन.”

“तेच मॅडम. टू पॉइंट वन म्हणजे दोन एचडीएमआय, एक यूएसबी.”

“चूक,” सोफ्यावरून आवाज आला. काकांनी बातम्या म्यूट केल्या होत्या. “टू पॉइंट वन म्हणजे दोन स्पीकर आणि एक वूफर. आमच्या बंधूंकडे आहे. भिंती हादरतात.”

“बरोबर सर,” मुलगा म्हणाला आणि माझ्याकडे वळला. “बाबा म्हणतात ते बरोबर आहे, मॅडम.”

मी काकांकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. “हे माझे कुणी नाहीत” एवढंच म्हणायचं होतं. पण काका कोथिंबीर बाजूला सरकवत म्हणाले, “ये, बस इथे.” ‘अहो ताई’चं एकेरी कधी झालं ते मला कळलंसुद्धा नाही.

आता त्या मुलावर मी चिडले हे खरं, पण दोष त्याचा नाही. एचडीएमआय २.१ जाहीर झालं २०१७ मध्ये. जुनं २.० सेकंदाला १८ गिगाबिट वाहून नेतं, नवं ४८ पर्यंत. ४के, म्हणजे खूप बारीक ठिपक्यांचं, चित्र पूर्ण रंगांसह सेकंदाला १२० वेळा न्यायचं तर १८ ची नळी पुरत नाही, म्हणून गेमवाले २.१ च्या मागे असतात. पण ज्यांच्या हाती हे मानक आहे त्यांनी नंतर २.० हे नावच मोडीत काढलं आणि २.१ मधल्या बहुतेक सोयी ऐच्छिक करून ठेवल्या. म्हणजे ६० हर्ट्झच्या, अर्थात सेकंदाला ६० चित्रांच्या, पुढे न जाणाऱ्या टीव्हीच्या खोक्यावरही ‘२.१’ छापता येतं. कायदेशीर! आपण नेमकं काय विकत घेतोय हे नावावरून कळू नये अशीच सोय. दोन एचडीएमआय, एक यूएसबी ही व्याख्या निदान बोटांवर मोजता तरी येते.

म्हणून आकडा विचारूच नये. सोय विचारावी. एचडीएमआयमधून ४के १२० हर्ट्झ घेतो का? व्हीआरआर आहे का, म्हणजे गेमची गती खाली-वर झाली की टीव्ही आपली गती तिच्याशी जुळवून घेतो का? नाहीतर चित्र मधोमध फाटल्यासारखं दिसतं. एएलएलएम आहे का, म्हणजे खेळ सुरू झाला की गेम मोड आपोआप लागतो का? आणि हे सगळं कुठल्या पोर्टवर? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. पुष्कळ टीव्हींना चार पोर्ट असतात, त्यातले दोनच पूर्ण वेगाचे, आणि त्या दोनातल्या एकावर ईएआरसी लिहिलेलं असतं, जिथे साउंडबार लागतो. कन्सोल, गेमिंगचा कॉम्प्युटर आणि साउंडबार तिन्ही असतील तर कुणाला तरी उभं राहावं लागतं.

‘मोशन रेट २४०’ला भुलू नका. तो जाहिरात खात्याने काढलेला आकडा. आत पॅनेल, म्हणजे प्रत्यक्ष पडदा, ६० चं असू शकतं. माहितीपत्रकात ‘नेटिव्ह रिफ्रेश रेट’ शोधायचा, तो नसेल तर ६० धरून चालायचं. आणि घरात प्लेस्टेशन ४ किंवा जुना निन्टेन्डो स्विच असेल तर १२० साठी पैसे घालू नका. ती यंत्रं टीव्हीला ६० च्या वर देतच नाहीत, आणि स्विच तर १०८०पीवर, म्हणजे ४के च्या खालच्या पायरीवर, थांबतो. हे खरं तर दुकानदाराने सांगायला हवं. पण मग खप कसा व्हायचा?

खरी गोष्ट उशिराची आहे. आपण बटण दाबलं आणि पडद्यावरचा माणूस उडाला, यातला वेळ. सिनेमा बघताना टीव्हीने चित्र उशिरा दाखवलं तरी कळत नाही, आवाजही त्याच्याबरोबर थांबवून ठेवलेला असतो. गेममध्ये अंगठा मात्र आपल्याकडेच असतो. टीव्ही आलेलं चित्र घासतो, पुसतो, हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मध्ये एक मनचं घुसडतो. त्यासाठी पुढचं चित्र येईपर्यंत त्याला थांबावं लागतं. ६० हर्ट्झला एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं. टीव्हीने १०० मिलिसेकंद खाल्ले की आपण सहा चित्रं मागे, म्हणजे आपण मेलोय हे आपल्याला सगळ्यात शेवटी कळणार. गेम मोड ही साफसफाई बंद करतो आणि चांगल्या टीव्हीवर हा उशीर १०-१५ वर येतो. खोक्यावर ‘रिस्पॉन्स टाइम १ मिलिसेकंद’ लिहितात ते निराळं, ती ठिपक्याचा रंग बदलण्याची गती. मुद्दाम शेजारी छापतात की काय, कोण जाणे.

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा गेम मिळायचा, त्याबरोबर बदकं मारायची पिस्तूल यायची. ती आजच्या सपाट टीव्हीवर चालवून बघा, एक बदक पडणार नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा, आणि पिस्तूल नेमक्या त्याच क्षणी तो उजेड शोधायची. जुना पिक्चर ट्यूबचा डबा सिग्नल आला की तिथल्या तिथे चित्र काढायचा. आजचा टीव्ही विचार करून काढतो, तोवर पिस्तूल निराश झालेली असते.

तर हा उशीर मोजायला मी लॅपटॉप आणि दोन मीटरची केबल घेऊन गेले होते. लॅपटॉपवर शतांश सेकंद दाखवणारं स्टॉपवॉच लावायचं, तेच चित्र टीव्हीवर ‘डुप्लिकेट’ करायचं, दोन्ही पडदे ६० हर्ट्झवर ठेवायचे आणि दोन्ही एकाच फोटोत येतील असे दहा फोटो काढायचे. आकड्यांतला फरक म्हणजे लॅपटॉपपेक्षा टीव्हीने जास्त खाल्लेला वेळ. एका फोटोवर विसंबायचं नाही, सरासरी घ्यायची.

“मॅडम, डेमो पीसला बाहेरचं काही जोडता येत नाही,” मुलगा म्हणाला.

“जोडू दे रे तिला,” काका म्हणाले.

“हो सर.”

इथेच माझं तोंड बंद झालं. मी सांगितलं तर “तसं नसतं मॅडम”. सोफ्यावरून कोथिंबीरवाल्याने सांगितलं तर “हो सर”. मी पंधरा वर्षं कन्सोल जोडतेय आणि काढतेय, पण त्या दुकानात माझ्या ज्ञानाला वडिलांची सही लागत होती. मग म्हटलं, आयते मिळालेत तर राहू देत.

व्हिव्हिडमध्ये लॅपटॉपवर १२.४८, टीव्हीवर १२.३७. काकांनी चष्मा कपाळावर चढवून फोन डोळ्याशी नेला. “म्हणजे हा मागे चालतो?”

“हो. हा मोड लावला की चालतो.”

“घड्याळ मागे पडतंय, आणि पूर्ण किंमत सांगतोय हा?” काका उठले. चपला शोधल्या. “मॅनेजरना बोलाव. मी बत्तीस वर्षं पर्चेसमध्ये होतो.”

पुढची वीस मिनिटं मी फक्त लॅपटॉप धरून उभी होते. गेम मोडवर तो फरक एक-दोन शतांशावर येतो, हे मी तीनदा सांगायला गेले. प्रत्येक वेळी काका म्हणाले, “अगं, तू थांब.” मॅनेजरसमोर त्यांनी तो फोटो पोलिसांनी पुरावा ठेवावा तसा ठेवला. बिलाच्या कच्च्या कागदावर जीएसटी १८ टक्केच आहे ना, हे त्यांनी गुणून पाहिलं. ३२ इंचांवरच्या टीव्हीचा २८ वरून १८ वर आला तो २२ सप्टेंबर २०२५ पासून, हे त्यांना तारखेसकट पाठ. शेवटी भिंतीचा ब्रॅकेट फुकट, सर्टिफाइड ‘अल्ट्रा हाय स्पीड’ केबल फुकट आणि वर साडेतीन हजार कमी. मी स्वतः विचारलं होतं तेव्हा “फिक्स रेट आहे मॅडम” होतं. हे आठवलं की अजून कानशिलं गरम होतात.

मग काका फरशीवर पावलं टाकत म्हणाले, “तुमचा हॉल केवढा?” हे मात्र त्यांनी योग्य विचारलं. कर्णाच्या दीडपट अंतर असलं की ४के चं ४केपण दिसतं. ५५ इंचीला साधारण सात फूट, ६५ ला आठ, ४३ ला साडेपाच. दहा फुटांवरून ४३ इंची ४के बघणं म्हणजे नाटकाचं तिकीट काढून रंगमंदिराच्या पार्किंगमध्ये बसणं. आणखी एक, ५५ इंचीचा नुसता पडदाच जवळजवळ ४८ इंच रुंद असतो, वर चौकटीचे काही मिलिमीटर. सुताराने केलेल्या युनिटमधला ‘चार फुटी’ खण अर्ध्या इंचाने दगा देतो. टेपने मोजूनच जा.

कोण कुठून बघणार तेही बघा. ओएलईडी सोडले तर पडदे मुख्यतः दोन जातींचे, व्हीए आणि आयपीएस. व्हीए पॅनेलचा काळा रंग गडद, पण बाजूने बसणाऱ्याला फिका दिसतो. आयपीएसचा काळा करडट, पण बाजूने बरा. मी एकटी समोर बसते. व्हीए घेतला.

बिलिंगला “मोबाईल नंबर?” असं विचारल्यावर मी तोंड उघडायच्या आत काकांनी त्यांचा सांगून टाकला. सवयीने असेल.

मंगळवारी टीव्ही बसवायला माणूस आला. वेळ ठरवायचा फोन अर्थातच काकांना गेला होता. त्याने चार खिळे ठोकले, कन्सोल तिसऱ्या पोर्टला लावला, जो ६० चा होता. मी तो काढून चौथ्याला लावला. पूर्ण वेगाचा पोर्टसुद्धा बरेचदा साध्या सिग्नलवर ठेवलेला असतो. सोनीत ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’, एलजीत ‘डीप कलर’, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एकाच गोष्टीची तीन बारशी. ते चालू केल्याशिवाय १२० चा पर्याय दिसत नाही आणि माणूस टीव्हीला शिव्या देत बसतो. एक्सबॉक्समध्ये ‘४के टीव्ही डिटेल्स’ नावाचं पान आहे, तिथे काय चालतं याच्यापुढे हिरव्या खुणा येतात. प्लेस्टेशन ५ मध्ये ‘व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन’ बघायचं.

मी हिरव्या खुणा मोजत असताना त्या माणसाने रिमोट घेतला आणि पडदा पोपटासारखा झाला.

“व्हिव्हिड कशाला लावलंत?”

“साहेब म्हणाले, मॅडम कुठला तरी मोड लावून रंग घालवतील, लक्ष ठेव. ओटीपी सांगा.”

ओटीपी माझ्याकडे नव्हता. बिलावरचा नंबर फिरवला.

“कोण?”

“टीव्ही घेतला होता ना आपण… कर्वे रोडला…”

“हां, बोल बाळ! भिंत विटेची आहे का ब्लॉकची? खिळा धरला का?” सहा आकडे त्यांनी एकेक करून, मध्ये चष्मा शोधत सांगितले. मग म्हणाले, “आणि ऐक, तुझ्या त्या खरेदीचे पॉइंट माझ्या नंबरवर जमा झालेत. मी चौकशी केली. त्यात टू पॉइंट वन येतंय. वूफरसकट.”