कैद्याला दिवाणी दाव्यात वकील मिळत नाही? कलम १२ तर वाचा

सध्या एक मजकूर गटागटांतून फिरतोय. त्याचं म्हणणं असं: तुरुंगातल्या माणसाला मोफत सरकारी वकील मिळतो तो फक्त फौजदारी खटल्यात. जमीन, वाटप, घटस्फोट अशा दिवाणी दाव्यात तो मिळत नाही. नावावर मालमत्ता असेल तर मुळीच नाही. न्यायाधीशांना दया आली तरच काही होतं.

आधी 'सरकारी वकील' हा शब्द. सरकारी वकील आरोपीच्या विरुद्ध उभा असतो. कैद्याला मिळतो तो विधी सेवा प्राधिकरणाने, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेने, नेमलेला वकील. मी शब्दाचा कीस काढत नाहीये. या घोळापायीच घरचे लोक सरकारी वकिलांच्या कार्यालयात हेलपाटे घालतात आणि हात हलवत परत येतात.

आता मुख्य दावा. तो कुठून आला असेल ते कळतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३०४, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३४१, फक्त आरोपीबद्दल बोलतं. पण विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा वेगळा कायदा आहे. त्याच्या कलम १२ नुसार दावा दाखल करायचा असो की त्यात बचाव करायचा असो, पात्र माणसाला विधी सेवा मिळते आणि पात्रांच्या यादीत खंड (छ) मध्ये 'ताब्यात असलेली व्यक्ती' आहे. शिवाय याच कायद्याच्या व्याख्येत न्यायालय म्हणजे दिवाणी, फौजदारी किंवा महसुली न्यायालय, आणि न्यायाधिकरणसुद्धा. यापेक्षा स्पष्ट काय लिहायचं? शिक्षा झालेली असावी अशी अटही नाही, कच्चा कैदीही यात येतो. जामिनावर सुटलेल्याला मात्र हा खंड लागत नाही, त्याने दुसऱ्या खंडात बसतो का ते पाहावं.

मालमत्तेचा मुद्दा तर सरळ चुकीचा. उत्पन्नाची मर्यादा वेगळ्या खंडात आहे आणि ती इतर कुठल्याच गटात न बसणाऱ्यांसाठी आहे. अनुसूचित जाती-जमाती, महिला, मुलं यांच्याप्रमाणे कैद्यालाही ती लागत नाही. इथे बहुधा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ ची गल्लत झाली आहे. तो निर्धन वादीच्या कोर्ट फीबद्दल आहे आणि त्याच्या नियम ९-क नुसार न्यायालय निर्धनाला वकील देऊ शकतं, देईलच असं नाही. 'दया' आली ती इथून. पण तो दरवाजा वेगळा. कैद्याने प्राधिकरणाचा दरवाजा ठोठावायचा.

मजकुरात खऱ्याचा एक कण आहे, तोही सांगतो. कलम १३ प्रमाणे प्रकरणात सकृतदर्शनी तथ्य आहे अशी प्राधिकरणाची खात्री व्हावी लागते. आणि मिळालेला वकील तुरुंगात येऊन कागद समजून घेईलच, याची हमी कोणी देत नाही. तक्रार करायचीच तर ती याबद्दल करावी.

'वकील मिळत नाही' हे ऐकून कैदी गप्प बसला तर खरं नुकसान होतं. समजा, भावाने वाटपाचा दावा लावला आणि समन्स तुरुंग अधिकाऱ्यामार्फत हातात पडलं. लेखी कैफियतीला, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर द्यायला, तिथून ३० दिवस. कारण देऊन ती मुदत ९० पर्यंत वाढू शकते, पण तोवर वकील नसेल तर दावा एकतर्फी पुढे सरकतो. स्वतः दावा लावायचा असेल तरी मुदतीचं घड्याळ थांबत नाही: मुदत अधिनियमाच्या कलम ६ मधल्या सवलतीत अज्ञान (अल्पवयीन) आणि मनोरुग्ण आहेत, कैदी नाही.

म्हणून समन्स आल्या दिवशीच तुरुंगातल्या विधी सहाय्य केंद्रात अर्ज लिहून अधीक्षकांमार्फत पाठवावा. घरच्यांनी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं किंवा १५१०० वर फोन करावा. अर्जाच्या प्रतीवर तारीख आणि आवक क्रमांक घ्यायला विसरू नका. पुढे एकतर्फी हुकूमनामा (दिवाणी दाव्यातला निकालाचा आदेश) रद्द करून घ्यायची वेळ आलीच, तर गैरहजेरीचं कारण दाखवायला हाच कागद कामी येतो.