रात्रीचं जेवण तोडून आत्मविश्वास येत नाही, दादा

परवा घरच्या ग्रुपवर दादाने एक मेसेज टाकला. तुमच्याकडेही फिरला असेल. म्हणे 'बॉडी इमेज', म्हणजे आपल्या दिसण्याबद्दल आपल्यालाच काय वाटतं, हे पाश्चात्त्यांचं खूळ, आपल्याकडे असलं काही नव्हतं. इन्स्टाग्रामचा दोष नाही, ही पिढीच मनाने कच्ची. सगळे मुलींचे नखरे. आणि उपाय एकच, रात्रीचं जेवण बंद करा, वजन उतरलं की आत्मविश्वास आपोआप येतो. त्या ग्रुपवर माझी वीस वर्षांची भाची आहे. तिने तो वाचला, म्हणून लिहिते आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण तो नुसता चूक नाही, घातक आहे. गेल्या महिन्यात हळदीचे फोटो बघताना ती प्रत्येक फोटो दोन बोटांनी मोठा करून फक्त स्वतःचे दंड बघत होती. जेवताना अर्धी पोळी तिने हळूच धाकट्याच्या ताटात सरकवली. या मुलीला जेवण तोडायला सांगायचं? वजन उतरलं की समाधान, एवढं सोपं असतं तर अ‍ॅनोरेक्सिया हा वजनाच्या भीतीने खाणं तोडत जाण्याचा आजारच नसता. त्यात हाडं दिसेपर्यंत वाळलेल्या मुलीलाही आपण जाडच वाटतो. सर्वाधिक जीव घेणाऱ्या मानसिक आजारांपैकी हा एक. पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात. खाल्लेलं ओकून टाकायची सवय लागली, तर रक्तातलं पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आणि याची सुरुवात बरेचदा अशाच 'साध्या' डाएटने होते. मेसेज पुढे ढकलायला एक सेकंद लागतो, निस्तरायला वर्षं जातात.

पिढी कच्ची म्हणता? मग पिढी तीच ठेवून मोबाइल कमी केला तर काय होतं, हे कॅनडातल्या ओटावाच्या संशोधकांनी करून पाहिलं. १७ ते २५ वयाचे, चिंता किंवा नैराश्याची लक्षणं असलेले २२० विद्यार्थी. त्यांतल्या एका गटाला तीन आठवडे सोशल मीडिया दिवसाला तासभरच वापरायला सांगितलं, दुसऱ्या गटाला नेहमीसारखा. पहिल्या गटाला आपल्या दिसण्याबद्दल आणि वजनाबद्दल आधीपेक्षा बरं वाटू लागलं, दुसऱ्यात तसा फरक पडला नाही. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आहे. मनं तीच होती, बदलला तो स्क्रीनवरचा वेळ.

सगळं खापर मोबाइलवर फोडता येत नाही, एवढं मान्य करते. 'गोरी, सडपातळ वधू पाहिजे' हे वर्तमानपत्रात छापून येतच होतं, आणि फेअर अँड लव्हली १९७५ पासून आपल्याकडे विकली गेली. पण मग 'आपल्याकडे असलं नव्हतं' हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? तेव्हा निदान जाहिरातीतला चेहरा परक्याचा असायचा. आता फिल्टर लावून गुळगुळीत केलेला आपलाच चेहरा समोर येतो, आणि आरशातला त्याच्यापुढे फिका पडतो.

मुलींचे नखरे म्हणणाऱ्यांनी गल्लीतल्या जिममध्ये एक चक्कर मारावी. छाती भरत नाही म्हणून खचलेली पोरं तिथे भेटतील.

दादा, रविवारी ती घरी येते आहे. तिच्या वजनाचा विषय नको, 'बारीक झालीस गं' असं कौतुकानेसुद्धा नको. आणि त्याआधी ग्रुपवर एवढं लिही, की तो मेसेज चुकीचा होता. तू लिहिलंस तर ती वाचेल.