गडग्याला सिमेंट लावू नका

गेल्या जुलैत आमच्या कलमांच्या बागेचा गडगा खालच्या अंगाला वीसेक फूट ढासळला. फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला, तर तासाभरात तिघांनी चिरेवाल्याचे (चिरा म्हणजे जांभ्याचा घडीव ठोकळा) नंबर पाठवले. 'एकदाच काय ते कंपाउंड घालून टाक, दरवर्षीची कटकट मिटेल.' त्याच पावसात, त्याच उतारावर आमच्या चुलत्यांचं चार वर्षांपूर्वीचं चिरा-सिमेंटचं कंपाउंड खालच्या पाखाडीत, म्हणजे दगडी पायवाटेवर, आडवं झालं होतं. त्याबद्दल मात्र ग्रुपवर चिडीचूप.

कोकणाबाहेरच्यांसाठी सांगतो. गडगा म्हणजे माती नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड रचून केलेलं कुंपण. घाटावर पौळ म्हणतात, तिथे काळा दगड असतो, आमच्याकडे जांभा. कलमं लावायला जमीन साफ करताना जे धोंडे निघतात तेच कडेला रचायचे. जमीन मोकळी झाली, हद्दही पडली, विकत काही आणलं नाही.

आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. उतारावरची माती पाणी पिऊन फुगते आणि भिंतीच्या पाठीवर रेलते. सिमेंटच्या भिंतीला तळाशी भोकं ठेवलेली नसतील (आणि गावात ती कोण ठेवतो?) तर ती सगळा भार मुकाट्याने धरून उभी राहते आणि एका रात्री अख्खी जाते. गडग्यातून पाणी झिरपून निघून जातं. तो पडलाच तर जिथे फुगला तिथेच पडतो, आणि पडलेला दगड परत लावता येतो. सिमेंट चिकटलेला चिरा परत लावून बघा!

तर वाडीतल्या आबांना बोलावलं. वय सत्तरीच्या पुढे. सोबत एक गडी आणि हाताखाली मी. पहिला दिवस नुसता उपसण्यात गेला. ढासळलेलं सगळं बाजूला काढून, माती खरवडून खाली कातळ लागेपर्यंत गेलो. तळाला तीन फूट रुंदी, सगळ्यांत मोठे धोंडे तिथे. मग दोन्ही तोंडांनी थर चढवायचे, पोटात बारके दगड ठासून भरायचे, खालचा सांधा वरच्या दगडाने मोडायचा आणि मधूनमधून आरपार पोचणारा लांब दगड आडवा घालून दोन्ही तोंडं बांधून घ्यायची. वर जाताना दोन्हीकडून थोडं थोडं आत यायचं. चार फुटांवर माथा दोन फुटांचा.

मी मोठ्या हौसेने एक थर लावला. लांबट दगड लांबीने बाहेर दाखवत, कसा देखणा! आबांनी बघितलं. "नुसता त्वांड दाखवतंस, पोटात काय घातलंस?" दगडाची लांबी आत जायला हवी, बाहेर फक्त त्याचं डोकं. सगळा थर काढायला लावला. एक दगड डुगडुगत होता, त्याखाली मी बाहेरून चीप ठोकली, तीही बोटाने उपटून दाखवली. चीप आतून बसवायची, म्हणजे वरचा भार तिला दाबून धरतो. बाहेरची पावसाळ्यात गळून पडते.

तिसऱ्या दिवशी मीच विचारलं, सांध्यांत थोडं सिमेंट मारूया का, पक्कं होईल. आबा हसले. "मगे पाणी खंयसून जातला?"

माझं म्हणणं एवढंच आहे. गडगा मोडून कंपाउंड घालणाऱ्याशी मी भांडत नाही. गडगा जागा खातो, त्यात साप-विंचू राहतात, मजुरी परवडत नाही, आणि रात्रीत हातभर सरकणारे गडगे आपल्या सगळ्यांच्या भावकीत आहेत. पण गडगा ठेवून वर सिमेंटचं पोचारं मारणं म्हणजे दोन्हीकडून नुकसान. पाण्याची वाट बंद, आणि भिंत म्हणावी तर तीही नाही.

युनेस्कोने 2018 साली असे बिनचुन्याचे दगड रचण्याची कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, ग्रीस, इटली, क्रोएशिया वगैरे आठ देशांची मिळून. 2024 मध्ये आयर्लंडसकट आणखी पाच देश त्यात आले. आबांना सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, तिकडे मजुरी किती देतात?

यंदा जूनच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर जाऊन बघितलं. नव्या तुकड्याच्या पायाशी चार-पाच ठिकाणी पाणी पाझरत होतं, स्वच्छ, मातीशिवाय. जुन्या भागावर शेवाळ धरलंय, नवा अजून लालभडक दिसतो. घोरपडीला फरक पडलेला नाही, ती येऊन राहिलीसुद्धा.

पुढच्या मे महिन्यात विहिरीकडचा पंधरा फूट काढायचाय. आबा म्हणाले, "पयले दगड वायले कर, बारके-मोठे. मगे माका हाक मार." रविवारी बसलो होतो. मोठ्यांचा ढीग झाला, चिपांची पाटी अजून अर्धीच आहे.