लोकिताला विचारलेले प्रश्न

पडदाभर एका मुलीचा चेहरा. विचारणारं माणूस दिसत नाही, फक्त आवाज येतो: अनाथाश्रमातल्या मुलांमधून हाच तुझा भाऊ, हे तू कसं ओळखलंस? ती अडखळते. बेल्जियमचे दिग्दर्शक दार्देन बंधू यांचा ‘तोरी आणि लोकिता’ (2022) हा सिनेमा असा सुरू होतो. नावाजलेला नट नाही, भव्य सेट नाही, दोन्ही मुलं नवखी.

लोकिता कॅमेरूनची, छोटा तोरी बेनिनचा. बेल्जियमच्या वाटेवर भेटलेली ही दोघं भावंडं म्हणून राहतात. गावाने चेटक्या ठरवून छळलं म्हणून तोरीला तिथं राहायचे कागद मिळालेत, तिला मिळत नाहीत. मग पिझ्झा करणाऱ्या आचाऱ्याचा गांजा घरोघर पोचवायचा, आणि पुढे बाहेरून कुलूप लावलेल्या जागेत गांजाची रोपं सांभाळायची. घरकामाची नोकरी आणि तोरीसोबत एक घर, एवढंच तिला हवं होतं.

मी बेल्जियममधल्या गेन्टला राहतो, इथली भाषा डच. माझे कागद कंपनीने केले. पत्ता नोंदवल्यावर वस्तीतला पोलीस खात्री करायला आला, बेलवरचं आडनाव वाचलं आणि गेला. मला कोणी काही सिद्ध करायला लावलं नाही. सिनेमा बघताना तो पोलीस सारखा आठवत होता.

2025 मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा निर्णय निघाला आणि जूनअखेर मागे घ्यावा लागला, तेव्हा घरच्या ग्रुपवर एकच वाक्य फिरत होतं: इथं राहायचं तर मराठी आलीच पाहिजे. इथले लोक डचबद्दल हेच म्हणतात. मला दोन्हीकडे पटतं. फरक पुढे आहे. डच न येणारं बारा ते अठरा वर्षांचं मूल इथं आलं की त्याला ‘ओकान’ वर्गात घालतात. साधारण वर्षभर मुख्यतः डच शिकवतात, मग नेहमीच्या वर्गात बसवतात. कागद नसलेल्या मुलालाही शाळेचा हक्क आहे. म्हणून हा देश प्रेमळ ठरत नाही; आश्रय मागणारी माणसं ब्रसेल्सच्या रस्त्यावर झोपलेली आम्ही पाहिली आहेत.

आपण 2020 च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची केली, चांगलं केलं. पण बांधकामावरच्या बिहारी गवंड्याचं पोर वर्षाच्या मध्येच चौथीत आलं, तर त्याच्याजवळ बसून त्याला मराठी कोण शिकवतं?

आणि बीडचं पोर? ते तर परप्रांतीयही नाही. दिवाळीच्या सुमारास आईबाप ‘एक कोयता’, म्हणजे नवराबायकोची एक जोडी, म्हणून उचल (आगाऊ पैसे) घेऊन ऊसतोडीला निघतात, पोराचं नाव गावच्या हजेरीपटावर राहतं आणि पोर उसाच्या फडावर. त्याची मातृभाषा मराठी, तरी सहा महिने शाळेबाहेर. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, असं 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. दुसऱ्या शाळेत जायचा हक्कही त्यातच आहे.

हिंदीविरुद्ध जेवढा आवाज लावलात, तेवढाच यंदा दिवाळीआधी लावा. गाड्या निघण्याआधी त्या पोराचं नाव फडाजवळच्या शाळेत लागलेलं असू दे.